मोटार मेकॅनिकचे प्रशिक्षण आणि बदलते तंत्रज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवत असल्यामुळे दहावीचा निकाल लागला की पालक, जुने प्रशिक्षणार्थी आणि आसपासचे गॅरेजचालक ठरावीक प्रश्न घेऊन भेटतात. पूर्वी हे प्रश्न नोकरीचे आणि विद्यावेतनाचे असत. आता ते बॅटरीचे, सेन्सरचे आणि स्कॅनरचे असतात. अशा प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तर दिले की अर्धे सांगायचे राहून जाते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे.

मेकॅनिकच्या कामात नेमके काय बदलले? विजेच्या गाड्या आल्यामुळे हा बदल झाला का?

विजेच्या गाड्यांची चर्चा अधिक होते, पण मोठा बदल पेट्रोलच्या गाड्यांमध्ये आधीच होऊन गेला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६) ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. बीएस-४ नंतर बीएस-५ची पायरी गाळून थेट बीएस-६वर उडी घेतल्यामुळे बहुतेक दुचाकींमधून हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर एका झटक्यात गेला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले होते. एप्रिल २०२३ पासून बीएस-६चा दुसरा टप्पा आला. प्रदूषण नियंत्रणाचे भाग नीट काम करतात की नाही, यावर गाडी स्वतःच लक्ष ठेवते. हे लक्ष या टप्प्यात अधिक काटेकोर झाले.

कार्ब्युरेटरच्या काळात चांगला मेकॅनिक कानाने आणि डोळ्याने निदान करीत असे. प्लग काढून पाहिला आणि तो काजळीने काळा दिसला, तर पेट्रोल जास्त जाते. पांढरट दिसला, तर हवा जास्त जाते. मग स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा कान लावून ऐकायचे. हे ज्ञान खोटे ठरलेले नाही, मात्र आता तो स्क्रू उरलेला नाही. पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो आणि त्यासाठी तो ऑक्सिजन सेन्सर, थ्रॉटल सेन्सर, तापमान सेन्सर यांच्याकडून येणाऱ्या व्होल्टेजवर विसंबून असतो.

यातून निर्माण झालेली अडचण एका उदाहरणाने सांगतो. इंजिनाचा इशारा दिवा पेटतो. ईसीयूमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०१३० असा कोड येतो. त्याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढाच होतो. सेन्सरच खराब आहे, असे तो कोड सांगत नाही. तरीही अनेक ठिकाणी कोड दिसताच सेन्सर बदलला जातो, ग्राहक पैसे देतो आणि चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा पेटतो. कोकणातल्या पावसात कप्लरची, म्हणजे तारांच्या जोडाची, पिन कळंकलेली असते किंवा उंदराने हार्नेसची, म्हणजे तारांच्या जुडग्यातली, एखादी तार कुरतडलेली असते, आणि हे मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळण्यासारखे असते. प्रशिक्षणाची गरज बदलली ती नेमकी येथे. भाग खोलण्याचे आणि बसवण्याचे कौशल्य अजून लागतेच, परंतु त्याच्या आधी सर्किटचा नकाशा वाचण्याचे, कोठे मोजायचे ते ठरवण्याचे आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावण्याचे कौशल्य आता अनिवार्य झाले आहे. हे कौशल्य ज्याच्या अंगी मुरले, त्याला पुढे विजेची गाडी परकी वाटत नाही.

मग इंजिन शिकणे आता व्यर्थ आहे का?

अजिबात नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे या वर्षी विकली गेलेली पेट्रोलची मोटार आज प्रवेश घेणारा मुलगा तिशी ओलांडेपर्यंत रस्त्यावर राहू शकते. ट्रक, एसटीच्या डिझेल गाड्या, ट्रॅक्टर, जेसीबी, विहिरीवरची डिझेल इंजिने आणि सीएनजीच्या रिक्षा हे सगळे दुरुस्तीला येतच राहणार आहे. ज्या तालुक्यात उसाची वाहतूक चालते, तेथे हंगामात ट्रॅक्टरचा मेकॅनिक मिळणे कठीण असते. इंजिन वगळून थेट बॅटरीकडे जाण्याचा सल्ला पुण्या-मुंबईच्या एखाद्या विशिष्ट सर्व्हिस सेंटरपुरता ठीक असेल. बार्शी, उदगीर किंवा चिपळूण येथे स्वतःचे गॅरेज थाटू पाहणाऱ्याला तो सल्ला देणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

विजेच्या गाडीत मेकॅनिकला काम तरी काय उरते?

ऑइल बदलणे, प्लग, क्लच, सायलेन्सर, टायमिंग चेन ही कामे जातात, आणि लहान गॅरेजचा रोजचा गल्ला बराचसा याच कामांवर चालत असल्यामुळे ही काळजी खरी आहे. टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, व्हील बेअरिंग, एसी आणि बॉडीचे काम मात्र राहते. जड बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजू शकतात. ब्रेकचे गणित उलटे आहे. गाडी थांबवताना मोटरच जनित्राचे काम करून वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड पुष्कळ टिकतात; पण वापर कमी झाल्यामुळे कॅलिपर गंजून अडकू शकतो. म्हणून ब्रेक खोलून साफ करणे हे काम तेथे विसरून चालत नाही.

नव्याने आलेली कामे बॅटरी, कंट्रोलर, चार्जर, मोटर आणि वायरिंगची आहेत. गाडी ‘मेली’ म्हणून ओढून आणली जाते आणि सगळ्यांचे लक्ष मोठ्या बॅटरीकडे जाते. प्रत्यक्षात विजेच्या मोटारीतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) या लहान बॅटरीच्याच विजेवर ओढला जातो. ती उतरली की शेकडो व्होल्टची भरलेली बॅटरी पोटात असूनही गाडी जागी होत नाही. पहिल्यांदा १२ व्होल्ट तपासा, हा जुन्या वायरमनचा धडा येथेही पहिला धडा आहे.

यासाठी विजेचे ज्ञान किती लागते? इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला मुलगा हे काम करू शकणार नाही का?

इलेक्ट्रिशियनचा पाया त्याला नक्की उपयोगी पडेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. घराची आणि कारखान्याची वायरिंग मुख्यतः एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहावर, चालते. गाडीच्या बॅटरीतून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. एसीचा प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसीत तो शून्यावर येत नाही, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला ठिणगी जास्त वेळ टिकते आणि घरगुती एसी स्विच किंवा एमसीबी तेथे जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते. छतावरच्या सौर पॅनेलचे काम करणाऱ्या वायरमनलाही हाच फरक नव्याने शिकावा लागतो.

बॅटरीविषयी किमान एवढे समजले पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एका सेलचे व्होल्टेज साधारण ३.२ असते. असे सोळा सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट मिळतात. समजा, सोळापैकी एक सेल कमकुवत झाला. एकूण व्होल्टेज मोजले तर फरक जेमतेम दिसेल, आणि बॅटरी ठीक आहे असा निष्कर्ष निघेल. पण गाडी चालवताना तो एकच सेल सर्वांत आधी खाली जातो, बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, त्याला वाचवण्यासाठी पुरवठा तोडते आणि गाडी चढणीवर थांबते. म्हणून भार असताना आणि नसताना, प्रत्येक सेल स्वतंत्रपणे मोजणे शिकवावे लागते. हे फळ्यावर सांगून पुरे होत नाही. प्रशिक्षणार्थ्याच्या हाती खराब सेल असलेली बॅटरी देऊन, ‘यातला दोषी शोध’ असे सांगितले, तरच ते लक्षात राहते.

दुसरे उदाहरण कॅन बसचे. गाडीतील वेगवेगळे नियंत्रक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांना संदेश देतात. या तारांच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. १२ व्होल्टची बॅटरी सोडवून या दोन तारांमध्ये मोजले, तर दोन्ही रोध समांतर असल्यामुळे मीटरवर ६० ओहमच्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एका टोकाचा रोध तुटला आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. समांतर रोधाचे सूत्र मुलांनी शाळेत पाठ केलेले असते. ते सूत्र रस्त्यात बंद पडलेली मोटार सुरू करू शकते, हे कळते त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

हे काम धोक्याचे आहे का? घरी मुलाची काळजी वाटते.

काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर शिस्तबद्ध प्रशिक्षणातच आहे. डीसी ६० व्होल्टच्या वर गेली की वाहनांच्या सुरक्षिततेच्या नियमांत ती धोक्याच्या श्रेणीत धरली जाते. ४८ व्होल्ट वर्गातील स्कूटर या मर्यादेच्या आत राहतात. मोटारींमध्ये मात्र ३०० ते ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतात आणि अशा तारा ओळखू याव्यात म्हणून त्यांचे आवरण नारिंगी रंगाचे असते. कमी व्होल्टेजच्या बॅटरीतही शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर वाहू शकतात, त्यामुळे तेथे शॉक लागला नाही तरी पाना टर्मिनलला चिकटून लालबुंद होतो आणि हात भाजतो. बोटातली अंगठी, मनगटावरचे कडे आणि गळ्यातली साखळी कामाआधी काढून ठेवणे म्हणूनच सक्तीचे आहे.

मोटारीवर काम करताना गाडी बंद करून चावी दूर ठेवायची, १२ व्होल्टची बॅटरी सोडवायची, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे भोक पडलेले नाहीत याची हवा भरून खात्री करून घालायचे, मोठ्या बॅटरीचे सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या ताब्यात ठेवायचा आणि मग निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे, कारण इन्व्हर्टरमधील कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. त्यानंतर योग्य दर्जाच्या मीटरने शून्य व्होल्ट मोजून पाहायचे. मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर तोच मीटर चालू असलेल्या बॅटरीवर लावून तो स्वतः चालतो आहे ना, हेही पाहायचे. बंद मीटरही शून्यच दाखवतो. एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने जवळ उभे राहायचे. मुलगा ज्या संस्थेत किंवा गॅरेजमध्ये जातो तेथे हा क्रम पाळला जातो की नाही, हे पालकांनी जरूर विचारावे.

‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ घ्यावा की ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’?

दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे असून दहावी उत्तीर्ण मुलांना खुले आहेत. दोन्हींचे प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर चालते. निवड ट्रेडच्या नावावरून न करता, त्या विशिष्ट संस्थेत तो ट्रेड कसा चालतो यावरून करावी, असे मी सांगतो. कार्यशाळेत चालू स्थितीतील विजेची गाडी, सुटी बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर असतील, तर दुसरा ट्रेड उत्तम. केवळ फळ्यावरच्या आकृत्या असतील, तर पहिला ट्रेड घेऊन पुढे बॅटरीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करणे अधिक पदरात पडेल. दुचाकींपुरते काम करायचे असेल, तर ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ हा एक वर्षाचा ट्रेडही आहे.

अभ्यासक्रम वेळेवर का बदलत नाही?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधले ट्रेड ज्या योजनेखाली चालतात, ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तिचा अभ्यासक्रम प्रशिक्षण महासंचालनालय देशभरासाठी एकच ठरवते, आणि त्यामुळे गडचिरोलीच्या मुलाचे प्रमाणपत्र चाकणमध्ये आणि चेन्नईतही तितकेच मान्य होते. या मोठ्या फायद्याची किंमत म्हणजे बदलाचा वेग. शिवाय कागदावरचा अभ्यासक्रम बदलणे हा त्यातला सोपा भाग आहे आणि तो अधूनमधून बदललाही जातो. त्यापुढची साखळी लांब असते : नवी यंत्रसामग्री मंजूर व्हावी, खरेदी व्हावी, बसवली जावी, निदेशकाला (ट्रेड शिकवणाऱ्याला) ती शिकवली जावी, आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न यावा. यातली एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा उपयोग उरत नाही. स्कॅनर येतो, पण त्याच्या सॉफ्टवेअरचे दर वर्षीचे नूतनीकरण शुल्क कोणत्या खर्चशीर्षातून भरायचे हे ठरलेले नसते, आणि दुसऱ्या वर्षी तो नव्या गाड्या ओळखत नाही. यंत्र एकदा विकत घेतले की वीस वर्षे चालते, ही लेथच्या काळातली खरेदीची पद्धत होती. सॉफ्टवेअर असलेल्या उपकरणांना ती लागू पडत नाही.

तासांचाही प्रश्न आहे. पूर्वी वर्षाला १,६०० तासांचा असलेला अभ्यासक्रम २०२२च्या सुधारणेत १,२०० तासांचा झाला. त्यात ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत आणि त्याखेरीज उद्योगात १५० तासांचे प्रत्यक्ष काम अपेक्षित आहे. शिकवायचे विषय वाढत असताना वर्गातले तास कमी होणे मला मनापासून खटकते. जवळ योग्य उद्योग असेल तर ते १५० तास खरोखर मोलाचे ठरतात, पण ज्या तालुक्यात एमआयडीसीच नाही, तेथे ही तूट कोठून भरून निघणार?

मे २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. त्यात २०० संस्था केंद्रस्थानी आणि ८०० संस्था त्यांना जोडलेल्या, अशी रचना आहे. तालुक्याच्या प्रत्येक संस्थेला महागडी सामग्री देता येत नाही हे मान्य करून ती एका ठिकाणी ठेवणे व्यवहार्य आहे. मात्र जोडलेल्या संस्थेतील मुलाला केंद्रसंस्थेत जाऊन राहण्याची सोय आणि एसटीचे भाडे यांचा विचार त्याच निधीत व्हायला हवा. तो झाला नाही, तर ते यंत्र त्या मुलासाठी असून नसल्यासारखे राहील.

निदेशकांना हे नवे तंत्रज्ञान येते का?

हा प्रश्न पालक संकोचत विचारतात, पण तो विचारलाच पाहिजे. ज्याने स्वतः कधी बॅटरीचा पॅक उघडलेला नाही, तो उघडायला शिकवू शकत नाही. निदेशकांसाठी क्राफ्ट इन्स्ट्रक्टर प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये उजळणी वर्गही होतात. ते उपयुक्त आहेत. तरीही निदेशकाने दोन-तीन वर्षांतून एकदा सलग काही आठवडे गर्दीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, तेथल्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करावे, असे मला वाटते. मी स्वतः तसे केले तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्याच एका माजी प्रशिक्षणार्थ्याने मला हार्नेसमधला दोष शोधायची जलद पद्धत दाखवली. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नव्हते. आम्ही जे शिकवतो त्यातले काय बाजारात खरोखर वापरले जाते, हे त्या दिवसांत जितके कळले तितके कोणत्याही कार्यशाळेत कळले नव्हते. रिकाम्या पदांमुळे एका निदेशकावर दोन तुकड्यांचा भार असेल, तर त्याला असे मोकळे करणे संस्थेला जमत नाही, ही अडचण मी नाकारत नाही.

माझे वीस वर्षांचे गॅरेज आहे, शिक्षण आठवीपर्यंत. आता या वयात मी काय करू?

या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत काळजीपूर्वक देतो, कारण नव्या मुलांसाठी काही ना काही सोय होतेच. गावोगावच्या ज्या गॅरेजवाल्या दादांनी आजवर आमची मुले हाताखाली घेऊन घडवली, त्यांची आठवण मात्र कोणत्याही योजनेत उशिरा होते.

तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत आधी ओळखा. गाडीचा आवाज ओळखणे, ग्राहकाच्या चार वाक्यांतून दोषाचा अंदाज बांधणे, भाग मिळत नसेल तर सुरक्षित पर्याय शोधणे, हे नव्या मुलाला यायला वर्षे लागतात. तुम्हाला भर घालायची आहे ती मोजण्याची. चांगला मल्टीमीटर घ्या आणि टेस्ट लॅम्पची सवय सोडा. साधा बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या नाजूक सर्किटमधून पेलवणार नाही एवढा प्रवाह ओढून त्याला निकामी करू शकतो. व्होल्टेज ड्रॉप मोजायला शिका, म्हणजे भार चालू असताना तारेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते पाहायला शिका. अर्थिंगचे कितीतरी दोष केवळ एवढ्याने पकडता येतात. त्यानंतर सर्किटचा नकाशा वाचणे, मग स्कॅनर. हा क्रम उलटा करून आधी महागडा स्कॅनर घेणारे पुष्कळ भेटतात. कोड दिसतो, पण पुढे काय करायचे ते कळत नाही.

प्रमाणपत्रासाठी ‘पूर्व ज्ञानाची मान्यता’ ही तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. कामातून आलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणे हा तिचा हेतू आहे आणि तो योग्य आहे. केवळ प्रमाणपत्र मिळून हातातले काम बदलत नाही, म्हणून चाचणीच्या आधी किंवा नंतर संध्याकाळच्या वेळेत काही आठवड्यांचे खरे प्रशिक्षण जोडलेले असावे, असा माझा आग्रह आहे. दिवसा गॅरेज बंद ठेवून वर्गाला बसणे कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही. शासकीय संस्थांच्या कार्यशाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आणखी एक अडथळा तुमच्या हाताबाहेरचा आहे. अनेक कंपन्यांचे निदानाचे सॉफ्टवेअर, सर्किटचे नकाशे आणि नव्या भागाची ईसीयूशी जोडणी त्यांच्या अधिकृत केंद्रांपुरतीच मर्यादित असते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला वाजवी दरात मिळणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजला पाहिजे, कारण जे पुस्तकच हाती पडत नाही ते कोणी शिकवू शकत नाही.

अॅप्रेंटिसशिप केल्याने हे सगळे शिकता येईल का?

ठिकाण चांगले असेल, तर संस्थेपेक्षा अधिक शिकता येईल. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे आणि २०१६पासून संस्था व उद्योग मिळून शिकवण्याची दुहेरी पद्धतही सुरू झाली आहे. जपून पाहायचे ते एवढेच, की मुलाला कामे फिरवून दिली जातात का. असेंब्ली लाइनवर वर्षभर एकच बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळणाऱ्या मुलाला विद्यावेतन मिळते आणि शिस्तही लागते. मात्र दोष शोधणे त्याला येत नाही. दुरुस्तीचा धंदा करायचा असेल, तर कारखान्यापेक्षा सर्व्हिस सेंटर किंवा एसटीची कार्यशाळा निवडावी.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तिका कशा समजणार?

चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था, म्हणजे निमी, अनेक ट्रेडची पुस्तके मराठीतही काढते आणि प्रशिक्षण महासंचालनालयाच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर अभ्याससाहित्य मोफत मिळते. कंपनीची सर्व्हिस पुस्तिका मात्र इंग्रजीतच असते. तिला घाबरण्याचे कारण नाही, कारण तिच्यातले शब्द मोजके असतात आणि तेच ते पुन्हा येतात. आमच्या वर्गात पहिल्या महिन्यापासून रोज पाच शब्द फळ्यावर देवनागरीत आणि रोमन लिपीत शेजारी शेजारी लिहिले जातात, आणि मुलांनी ते गाडीच्या त्या भागावर हात ठेवून म्हणायचे असतात. वर्षअखेर बहुतेकांना सर्किटचा नकाशा अडखळत का होईना, वाचता येतो. ‘रोध’, ‘विद्युतदाब’ असे शब्द परीक्षेपुरते ठेवून गॅरेजमध्ये ‘ओहम’ आणि ‘व्होल्टेज’ वापरायला माझी हरकत नसते.

मुलींनी हा ट्रेड घ्यावा का?

जरूर घ्यावा. गिअरबॉक्स उचलायला ताकद लागते म्हणून हा ट्रेड मुलींचा नाही, असे सांगितले जाई. वजन उचलायला चांगल्या कार्यशाळेत जॅक आणि होइस्ट पूर्वीही असत आणि आताही असतात. मोजमाप, वायरिंग आणि बॅटरीचे काम चिकाटीचे आहे. अडचण असते ती वेगळीच. गॅरेजमध्ये स्वच्छतागृह नसते आणि कामाची वेळ रात्री नऊपर्यंत लांबते. नोकरी शोधताना या दोन गोष्टी आधी विचाराव्यात.

व्हिडिओ पाहून किंवा संगणकावरच्या आभासी गाडीवर शिकता येते का?

पूर्वतयारी होते, विशेषतः उच्च व्होल्टेजच्या कामाचा क्रम चुकण्याची भीती न बाळगता पाठ करता येतो. गंजलेला नट तुटण्याआधी हाताला जो इशारा मिळतो, तो पडद्यावर मिळत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेत जाऊन काय पाहावे?

प्रवेश फेरी सुरू होण्याआधी एकदा मुलाला घेऊन कार्यशाळेत जा, कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचण्यावर थांबू नका. बीएस-६ इंजिन सुरू करून दाखवा म्हणावे. मल्टीमीटर किती आहेत आणि ते कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर, ते पाहावे; वीस मुलांच्या तुकडीला दोनच मीटर असतील, तर अठरा मुले पाहत उभी राहतात. स्कॅनर शेवटचा कधी अद्ययावत केला, हे विचारावे. मुद्दाम दोष घालून ठेवलेली एखादी गाडी आहे का, हेही विचारावे. चांगला निदेशक अशी गाडी अभिमानाने दाखवतो. शेवटी, संस्थेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाशी बोलता येईल का, याची चौकशी करावी आणि तो आज कोणते काम करतो ते त्याच्याच तोंडून ऐकावे. नोंदवहीची पाने चाळण्याची परवानगी मिळाली, तर प्रात्यक्षिकाखाली प्रत्येक मुलाने लिहिलेले मोजमापाचे आकडे वेगवेगळे आहेत की सर्वांचे एकसारखे, तेवढे नजरेखालून घालावे. एकाच बॅटरीवरही वेगवेगळ्या हातांनी मोजलेले आकडे दशांश चिन्हापुढे थोडे तरी वेगळे यायला हवेत.